आराखड्याची पोच मिळेपर्यंत

आमच्या जिल्हा परिषद शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा दोन बैठकांत तयार झाला. तो पंचायत समितीत देऊन पोच घ्यायला मात्र चार फेऱ्या लागल्या. अजून आठवलं की चीड येते.

मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला लागतात. आयाच जास्त असल्याने पहिला विषय मुलींच्या स्वच्छतागृहाचा निघाला. दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात त्या पुष्कळदा परत येतच नाहीत. आराखड्यात हेच काम पहिलं घातलं. बाकीचं भराभर लिहून झालं.

पहिल्या फेरीला आवक-जावकच्या टेबलावर कोणीच नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकवलं, "सगळं ऑनलाइन भरलेलं असतं, कागद कशाला?" अहो, यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या त्या ऑनलाइन माहितीत, शाळेत काय आहे ते भरतात. आम्हाला काय हवंय ते तिथे कुठे दिसणार? तिसऱ्यांदा ठरावाची प्रत मागितली. ती आधीच का नाही सांगितली? दर खेपेला माझा एक रोज बुडत होता.

चौथ्यांदा कायद्याच्या कलम 22 ची छापील प्रत नेली. समितीचा आराखडा हाच अनुदानाचा आधार धरायचा, असं त्यात स्पष्ट आहे. ती ओळ अधोरेखित करून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "घेणार नसाल तर तसं लिहून द्या." पाऊण तास बसवलं. मग आमच्या प्रतीवर गोल शिक्का पडला, आवक क्रमांक, तारीख, सही. शाई ओली होती म्हणून घडी न घालता कागद हातात धरूनच एसटीत बसले. इतका आनंद झाला होता!

तुम्ही जाणार असाल तर दोन प्रती न्या. इतिवृत्तात ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक सगळं असू द्या. आणि हो, मुख्याध्यापक समितीचे सदस्य-सचिव असतात. त्यांची सही बैठकीतच घ्या, नंतर ते प्रशिक्षणाला गेले की अडकलात. आराखड्यातल्या कामांची यादी ग्रामसभेआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या.

कडी आम्हीच एका पालकाकडून बसवून घेतली. पाण्याचं महिन्याभरात काही कळलं नाही, तर त्याच आवक क्रमांकावर माहिती अधिकाराचा अर्ज टाकणार आहे. अर्ज लिहून तयार आहे.