लॉफ्ट, लाय आणि स्विंग: अ‍ॅडजस्टेबल हायब्रिड निवडण्याचा माझा अनुभव

गोल्फच्या नियमांनुसार एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात, आणि माझ्या बॅगेतील या १४ जागांपैकी एक जागा बराच काळ नीट भरलेली नव्हती. पाच नंबरच्या आयर्नने (पातळ धातूच्या हेडचा क्लब) माझा चेंडू हवेतून सुमारे १५० यार्ड जातो आणि पाच नंबरच्या वुडने (मोठ्या, गोलसर हेडचा लांब पल्ल्याचा क्लब) सुमारे १८२ यार्ड. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यासाठी चार नंबरचे आयर्न होते, परंतु माझ्या वेगाने त्या क्लबचा चेंडू फारसा उंच जात नसे. तो पाच नंबरच्या आयर्नच्या जेमतेम आठ-दहा यार्ड पुढे पडे आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) न थांबता मागे निघून जाई. मला हवा होता तो १६५ ते १७० यार्ड कॅरी देणारा आणि उंचावरून खाली येणारा क्लब. ही गरज आधी आकड्यांत मांडली, म्हणून पुढची निवड सोपी झाली. दुकानात जाण्यापूर्वी आपल्या प्रत्येक क्लबचा कॅरी, म्हणजे घरंगळणे वगळून हवेतून कापलेले अंतर, मोजून लिहून ठेवावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

ही पोकळी हायब्रिडने, म्हणजे आयर्न आणि वुड यांच्या मधल्या घडणीच्या क्लबने, भरता येते, तशीच सात नंबरच्या वुडनेही. हायब्रिड की वुड हा प्रश्न मुळात क्लब चेंडूवर कोणत्या कोनाने येतो याचा आहे. जे खेळाडू चेंडू जमिनीवरून अलगद झाडून नेल्यासारखा मारतात, ज्यांचा डिव्हॉट (फटक्याने जमिनीतून उडणारा गवताचा तुकडा) जवळजवळ पडतच नाही, त्यांना रुंद तळाचा आणि लांब शाफ्टचा (दांड्याचा) फेअरवे वुड साथ देतो. माझा स्विंग तसा नाही. मी आयर्न मारताना क्लब सुमारे चार अंश खालच्या दिशेने येतो, हे लाँच मॉनिटरवर (फटका मोजणाऱ्या यंत्रावर) स्पष्ट दिसले होते आणि डिव्हॉटही तेच सांगत होते. अशा स्विंगला हायब्रिड मानवतो, कारण त्याचा शाफ्ट वुडपेक्षा आखूड असतो आणि गुरुत्वमध्य आयर्नपेक्षा खाली व मागे असल्यामुळे खाली मारलेला चेंडूही उंच उठतो. ज्यांना याविषयी शंका असेल त्यांनी दोन्ही क्लब रफमधून (फेअरवेबाहेरच्या लांब गवतातून) मारून पाहावेत. पावसाळ्यात येरवड्याच्या कोर्सवरील दाट, ओल्या गवतातून मला वुडपेक्षा हायब्रिडनेच अधिक भरवशाचा फटका मिळाला.

हायब्रिड घ्यायचा हे ठरले, तरी माझी खरी अडचण वेगळी होती. मी उजव्या हाताने खेळतो आणि माझा नेहमीचा फटका थोडा उजवीकडून डावीकडे वळणारा आहे. मित्रांचे हायब्रिड मारून पाहिले तेव्हा तोच फटका ठरलेल्या रेषेच्या बराच डावीकडे जात असे. माझ्या नेहमीच्या कॅडीने एक महत्त्वाची गोष्ट हेरली होती: “साहेब, बॉल नंतर वळत नाही, निघतानाच डावीकडे निघतोय.” हे निरीक्षण अचूक होते आणि पुढच्या सगळ्या तपासणीची दिशा त्यानेच ठरवली. चेंडू कोणत्या दिशेला निघतो हे प्रामुख्याने आघाताच्या क्षणी फेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) कुठे पाहत आहे यावरून ठरते, तर त्याचे वळणे फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातील फरकावरून. म्हणजेच माझ्या हाती येणारे हायब्रिड बंद, म्हणजे डावीकडे वळलेल्या, फेसने चेंडूपर्यंत पोहोचत होते, आणि त्यामागे स्विंगइतकाच क्लबच्या रचनेचाही हात असू शकत होता. अनेक हायब्रिड मुद्दाम असेच घडवलेले असतात: थोडा ऑफसेट (फेस शाफ्टच्या किंचित मागे असणे), उभा लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) आणि टाचेकडे, म्हणजे हेडच्या शाफ्टजवळच्या बाजूकडे, झुकलेले वजन. उजवीकडे स्लाइस मारणाऱ्या बहुसंख्य खेळाडूंना त्याची मदत होते, पण डावीकडे चुकणाऱ्याला तीच रचना नडते.

अ‍ॅडजस्टेबल क्लबचा, म्हणजे ज्याचे कोन खेळाडूला स्वतः बदलता येतात अशा क्लबचा, विचार इथूनच सुरू झाला. फेरीपूर्वी बदलता येणाऱ्या अशा रचनांना २००८ पासून नियमांत मोकळीक मिळाली आणि त्यानंतर ड्रायव्हर, वुड आणि हायब्रिड या तिन्ही प्रकारांत त्या आल्या. तत्त्व साधे आहे. शाफ्टच्या टोकाला एक स्लीव्ह (नळी) असते आणि तिच्यातील भोक किंचित तिरके असते. तळाचा स्क्रू सैल करून स्लीव्ह फिरवली की शाफ्ट हेडमध्ये वेगळ्या कोनाने बसतो. टेलरमेड कंपनीच्या अ‍ॅडजस्टेबल रेस्क्यू हायब्रिडमध्ये अशा एकाच स्लीव्हने लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) दीड अंश वर किंवा खाली नेता येतो. टायटलिस्टच्या शुअरफिट रचनेत स्लीव्हच्या जोडीला एक वेगळे कडे असते; त्यामुळे चार अक्षरे आणि चार आकडे मिळून १६ जोडण्या होतात आणि लॉफ्ट व लाय पुष्कळ अंशी एकमेकांपासून स्वतंत्रपणे बदलता येतात.

बहुतेक खरेदीदार ज्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करतात आणि ज्यावर माझी सगळी निवड उभी राहिली, तो मुद्दा असा. हायब्रिडच्या स्लीव्हवर लिहिलेला लॉफ्टचा वाढीव किंवा घटवलेला आकडा हा फेस लक्ष्याकडे सरळ धरला तरच खरा असतो. क्लब जमिनीवर नैसर्गिकपणे टेकवला की वाढवलेला लॉफ्ट बंद फेसच्या रूपाने दिसतो आणि कमी केलेला लॉफ्ट उघड्या, म्हणजे उजवीकडे वळलेल्या, फेसच्या रूपाने. हे प्रमाणही लहान नाही. लॉफ्टमधील एका अंशामागे फेस जवळपास दोन अंश फिरतो. जो खेळाडू क्लब टेकवून, आहे तसा पकडून मारतो, त्याच्यासाठी लॉफ्ट फारसा बदलतच नाही, बदलते ती चेंडूची दिशा.

याचा व्यावहारिक अर्थ मी फिटिंगच्या, म्हणजे क्लब आपल्या स्विंगला जुळवून घेण्याच्या, वेळी तपासून पाहिला. मला २१ अंशांच्या आसपासचा लॉफ्ट हवा होता. तो दोन मार्गांनी मिळू शकत होता: १९ अंशांचे हेड घेऊन लॉफ्ट दीड अंश वाढवणे, किंवा २२ अंशांचे हेड घेऊन एक अंश कमी करणे. कागदावर या दोन्ही क्लबमध्ये अर्ध्या अंशाचाच फरक होता, पण मैदानावर ते पूर्णपणे वेगळे वागले. पहिला क्लब टेकवताच सुमारे तीन अंश बंद दिसत होता आणि त्याचे फटके सातत्याने डावीकडे निघत होते. दुसरा सुमारे दोन अंश उघडा बसत होता आणि त्याचे फटके रेषेच्या जवळ सुरू होऊन माझ्या नेहमीच्या वळणाने लक्ष्याकडे परतत होते. डावीकडे चुकणाऱ्या उजव्या हाताच्या खेळाडूने हव्या असलेल्या लॉफ्टपेक्षा जास्त लॉफ्टचे हेड घेऊन ते खाली आणावे आणि स्लाइस मारणाऱ्याने नेमके उलट करावे, हा निष्कर्ष मला या तपासणीतून मिळाला आणि आजही तो मला सर्वांत उपयोगी वाटतो.

लायबद्दलही बराच गैरसमज असतो. लाय फार उभा असेल तर चेंडू डावीकडे जातो हे खरे आहे, आणि लॉफ्ट जितका जास्त तितका हा परिणाम वाढतो. पण त्याचे मोजमाप करून पाहावे. २२ अंशांच्या लॉफ्टला लायमधील एका अंशाचा बदल चेंडूची दिशा सुमारे ०.४ अंशाने बदलतो, म्हणजे १७० यार्डांवर सव्वा यार्डाच्या आसपास. माझे फटके दहा-बारा यार्ड डावीकडे जात होते. ते केवळ लाय सपाट करून सुधारणार नव्हते. तरीही लाय तपासला, कारण तो चुकीचा असेल तर टाच किंवा टो (हेडचे शाफ्टपासून दूरचे टोक) जमिनीत आधी रुतते आणि फेस वळतो. त्यासाठी चेंडूवर मार्करने जाड उभी रेषा काढून ती फेसच्या बाजूला ठेवावी आणि फटका मारावा. फेसवर उमटलेली रेषा उभी असेल तर लाय बरोबर आहे. तिचे वरचे टोक टोच्या बाजूला झुकले तर लाय फार उभा आहे आणि टाचेकडे झुकले तर फार सपाट. माझी रेषा किंचित टोच्या बाजूला झुकत होती, म्हणून लाय थोडा सपाट करण्याचे ठरले.

स्लीव्हला हात लावण्यापूर्वी शाफ्ट निश्चित करावा, याविषयी फिटर आणि माझे एकमत होते. वीसएक ग्रॅमने हलका शाफ्ट लावला की माझी लय बिघडते आणि आघाताची जागा फेसवर विखुरते. पायाला लावायच्या पावडरचा फवारा फेसवर मारून आम्ही आघाताचे ठसे पाहिले. ७० ग्रॅमच्या आसपासच्या शाफ्टने ठसे टोच्या बाजूला पसरले, तर ८५ ग्रॅमच्या शाफ्टने ते मध्याभोवती गोळा झाले. लांबी अर्ध्या इंचाने कमी केल्यावर ठसे आणखी जवळ आले. अर्धा इंच लांबी कमी झाल्याने स्विंगवेट (क्लब फिरवताना जाणवणाऱ्या हेडच्या वजनाचे माप) सुमारे तीन अंकांनी उतरतो आणि हेडमधील साधारण दोन ग्रॅम म्हणजे एक अंक, हा हिशोब धरून तळाचा वजनी स्क्रू बदलून ती कसर भरून काढली. ठसे विखुरलेले असताना लॉफ्ट-लायची जुळवाजुळव करण्याला काही अर्थ नसतो, कारण टोवर बसलेला फटका कोणत्याही जोडणीत वेगळ्याच दिशेला जातो.

फिटिंगमध्ये मी नेहमी खेळतो तोच चेंडू वापरला. रेंजवरच्या घासलेल्या चेंडूंनी वेग आणि फिरकी दोन्हींचे आकडे बदलतात, आणि ज्या क्लबची निवड काही यार्डांच्या हिशोबावर होणार आहे त्यासाठी हा फरक मोठा ठरतो. एकाच बैठकीत निर्णय घेण्याची घाईही केली नाही. पहिल्या बैठकीचे आकडे ताज्या अंगाने मारलेल्या फटक्यांचे होते. दुसऱ्या बैठकीला मी मुद्दाम फेरी संपवून गेलो, कारण शेवटच्या काही होलवर दमलेल्या पायांनी जो स्विंग होतो, त्यालाही हा क्लब साथ देणार का हे पाहायचे होते.

शेवटी मी स्वतंत्र लॉफ्ट-लायच्या रचनेचे २१ अंशांचे हेड घेतले. लॉफ्ट पाऊण अंशाने खाली आणि लाय पाऊण अंशाने सपाट, अशी जोडणी कोरड्या दिवसांसाठी पक्की झाली. या जोडणीत चेंडू सुमारे १४ अंशांनी उठतो, कॅरी १६८ यार्डांच्या जवळ येतो आणि डावीकडची चूक दोन-चार यार्डांवर उतरली आहे. जून ते सप्टेंबरमध्ये मात्र लॉफ्ट मूळ जागी नेतो. भिजलेल्या फेअरवेवर चेंडू घरंगळत नाही आणि फेस व चेंडू यांच्यामध्ये ओले गवत आले की फिरकीही कमी होते, त्यामुळे उंची थोडी वाढवलेली बरी. मुंबईत चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी कोर्सवर खेळायला जाताना त्याच क्लबच्या अंतराचा अंदाज किंचित कमी धरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर असल्याने इथल्या विरळ हवेत चेंडू थोडा अधिक दूर जातो. बावधनच्या ऑक्सफर्ड कोर्सच्या उतारांवर चेंडू पायांपेक्षा उंच असेल तर तो डावीकडे जातोच, पण तो उताराचा परिणाम असतो. त्यासाठी जोडणी न बदलता निशाण उजवीकडे धरावे.

जोडणी बदलताना काही पथ्ये मी पाळतो. फेरी सुरू असताना ती बदलून त्या क्लबने फटका मारणे नियमबाह्य आहे, त्यामुळे पाना गाडीतच राहतो. स्क्रू हाताच्या अंदाजाने कधी आवळत नाही. क्लबबरोबर मिळणारा टॉर्क रेंच ठरावीक दाबावर टक्क असा आवाज करून थांबतो, आणि तो आवाज येईपर्यंतच फिरवायचे. स्लीव्ह फिरली की शाफ्टबरोबर ग्रिपही फिरते, म्हणून आतल्या बाजूला उंचवटा असलेली ग्रिप न घेता पूर्ण गोल ग्रिप बसवून घेतली. अन्यथा प्रत्येक बदलानंतर बोटांखाली वेगळाच आकार आला असता. जुना क्लब विकत घेणाऱ्यांनी हेही तपासावे की एका कंपनीची स्लीव्ह दुसऱ्या कंपनीच्या हेडला बसत नाही, आणि एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या पिढ्यांमध्येही ती बसेलच असे नाही.

आता पाच नंबरच्या आयर्नऐवजीही हायब्रिड घ्यावा का, हा विचार सुरू आहे. त्यासाठी २४ किंवा २५ अंशांचे हेड लागेल आणि लॉफ्ट जास्त असल्याने तिथे लायचा परिणामही थोडा वाढेल, म्हणून त्या वेळी चेंडूवरच्या रेषेची तपासणी आधी करून मगच शाफ्टची लांबी ठरवणार आहे.