छपाईची फाइल : काळ्या शाईचा टप्पा

जुन्या छायाचित्रांच्या 96 पानी पुस्तिकेची मांडणी पूर्ण झाल्यामुळे या टप्प्यात तिची छपाईयोग्य पीडीएफ तयार करण्यास घेतली आहे. सोळा पानांचे सहा फर्मे (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेले पानांचे गट) नेमके बसावेत म्हणून पानांची संख्या 96 ठेवली. मांडणीसाठी स्क्रायबस हे सॉफ्टवेअर वापरतो. त्याच्या 1.5.3 या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षरे आणि वेलांट्या योग्य जुळतात. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी मजकूर लावणे जवळजवळ अशक्य होते.

सर्वाधिक वेळ काळ्या रंगाने घेतला. बाहेरून आणलेल्या मजकुराचा काळा बहुधा आरजीबी (पडद्यावरील लाल, हिरवा, निळा) असतो आणि सीएमवायकेत (छपाईच्या सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार शाईंत) रूपांतर होताना तो चारही शाईंत विभागला जातो. फोटोशॉपमधील अमेरिकी स्वॉप प्रोफाइल (रंग-रूपांतराचे मानक) घेतले, तर शुद्ध आरजीबी काळ्याचे सायन 75, मॅजेंटा 68, पिवळा 67 आणि काळा 90 टक्के, म्हणजे एकूण 300 टक्के शाई, असे रूपांतर होते. प्रत्येक शाईची एक अशा चार प्लेटांपैकी एखादी किंचित जरी सरकली, तरी अक्षरांना रंगीत कडा दिसतात. शिरोरेषेच्या सलग आडव्या रेघेवर आणि अनुस्वाराच्या बारीक टिंबावर तर हा दोष लगेच नजरेत भरतो. म्हणून सर्व मजकूर केवळ 100 टक्के काळ्या शाईत आणला आणि त्याला ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापणे) दिले, म्हणजे रंगीत पार्श्वभूमीवरील अक्षरांभोवती पांढरी फट राहण्याचा प्रश्न मिटतो.

याची तपासणी सोपी आहे. प्रत्येक शाई वेगळी दाखवणाऱ्या अॅक्रोबॅटच्या सेपरेशन पूर्वदृश्यात काळी प्लेट बंद केली की मजकूर पूर्णपणे नाहीसा झाला पाहिजे; मागे करडी छाया उरली, तर तेथे अन्य शाई शिल्लक आहे असे समजावे. पांढऱ्या अक्षरांना मात्र चुकूनही ओव्हरप्रिंट देऊ नये, कारण पांढरी शाई नसल्यामुळे ती छापून आल्यावर दिसतच नाहीत.

मोठ्या काळ्या पट्ट्यांचा नियम वेगळा आहे. तेथे एकटी काळी शाई फिकी, राखाडी वाटते, म्हणून तिच्या जोडीला 40 टक्के सायन दिला आहे. छायाचित्रांच्या गडद भागांत मुद्रकाने सांगितलेली एकूण शाईची 300 टक्क्यांची मर्यादा पाळली. त्याहून अधिक शाई असली तर ती वाळण्यास वेळ लागतो आणि समोरच्या पानावर डाग उमटू शकतो. पडद्यावरील झगझगीत निळ्याचा मोह येथे सोडावाच लागतो, तो छापताना जांभळटच होतो.

छायाचित्रांचे रिझोल्यूशन छपाईच्या प्रत्यक्ष आकारात मोजले. 150 लाइन स्क्रीनसाठी (इंचाला छपाईच्या ठिपक्यांच्या 150 ओळी) त्याच्या दुप्पट, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल, हा रूढ हिशेब आहे. त्यानुसार 2400 पिक्सेल रुंदीचे चित्र आठ इंचांपर्यंतच चालते. सॉफ्टवेअरने पिक्सेल वाढवून छायाचित्रात नसलेला तपशील येत नाही, त्यामुळे अशी चित्रे लहान छापणेच मला इष्ट वाटते. रेखाटने मात्र इंचाला 1200 पिक्सेलवर पुन्हा स्कॅन केली.

ब्लीड, म्हणजे कापणीच्या रेषेबाहेर वाढवलेला छपाईचा भाग, चारही बाजूंना 3 मिलिमीटर ठेवले आहे.

फाइल छपाईसाठीच्या पीडीएफ एक्स-4 प्रकारात काढणार आहे. एक्स-1ए या जुन्या प्रकारात पारदर्शकता आधीच सपाट करावी (खालच्या थरांत मिसळून टाकावी) लागते आणि सावली जेथे अक्षरांवरून जाते तेथे मजकुराचे तुकडे होण्याचा धोका असतो. एक्स-4 मध्ये ती जशीच्या तशी राहते आणि सपाटीकरण मुद्रकाकडील रिपमध्ये (पीडीएफचे छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या यंत्रणेत) होते. अर्थात मुद्रकाची यंत्रणा जुनी असेल तर एक्स-1ए हाच सुरक्षित पर्याय ठरतो, म्हणून निर्यातीपूर्वी विचारून घेतलेले बरे.

मुखपृष्ठ अद्याप बाकी आहे. कण्याची रुंदी कागदाच्या जाडीवर ठरते: 96 पानांचे 48 कागद, प्रत्येकी 0.1 मिलिमीटर धरल्यास 4.8 मिलिमीटर. कागद निश्चित झाला की ही रुंदी पक्की करीन, आणि मग पहिल्या फर्म्याचे छापील प्रूफ मागवीन.