न मोजलेले ब्लॉक

३१ जुलै २०२२ हा रविवार होता आणि क्रीडा पानावर आधीच जागा उरली नव्हती. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत जेरेमी लालरिननुंगाने भारोत्तोलनाच्या ६७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले होते, महिला क्रिकेट संघाने पाकिस्तानला आठ गडी राखून हरवले होते, आणि सांगलीच्या संकेत सरगरच्या आदल्या दिवशीच्या रौप्यपदकाचे कौतुक अजून ओसरले नव्हते. डाक आवृत्ती सुटल्यानंतर मी शहर आवृत्तीचे पान लावत असताना अमेरिकेचे बास्केटबॉलपटू बिल रसेल यांच्या निधनाची बातमी आली. ते ८८ वर्षांचे होते.

मी वृत्तसंपादकांकडे तीन कॉलम मागितले. त्यांनी आकडे विचारले, तेव्हा मी एका दमात सांगितले, की बोस्टन सेल्टिक्स संघाच्या या सेंटरने, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूने, १३ हंगामांत ११ विजेतेपदे मिळवली, पाच वेळा लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि प्रत्येक सामन्यात सरासरी २२.५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) व १५.१ गुण नोंदवले. शेवटच्या आकड्याशी ते अडले. ‘अहो, पंधराच? त्या विल्ट चेंबरलेनचे एका सामन्यातले शंभर गुण मलासुद्धा ठाऊक आहेत,’ असे ते म्हणाले.

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर माझ्या चौकटीत नव्हते, कारण ज्या कामासाठी रसेल ओळखले गेले, ते त्यांच्या काळात कोणी अधिकृतपणे मोजलेच नाही. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये ब्लॉकची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा शॉट हवेतच अडवण्याची, नोंद १९७३-७४च्या हंगामापासून सुरू झाली. रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाले होते.

मी स्वतः महाविद्यालयाच्या संघात सेंटर खेळलो आहे, तोही केवळ उंचीमुळे. प्रतिस्पर्ध्याचा शॉट हाताने फटकावून चेंडू थेट कुंपणाबाहेर घालवला की मैदानाकडेचे मित्र आरडाओरडा करत आणि मला धन्यता वाटे. आमचे सर मात्र शांतपणे म्हणत, ‘चेंडू परत त्यांच्याकडेच गेला ना?’ रसेल शॉट अडवताना चेंडूला अनेकदा नुसता स्पर्श करून तो मैदानातच ठेवत आणि जमेल तेव्हा आपल्या सहकाऱ्याच्या हाती पोचवत, त्यामुळे ज्या क्षणी समोरच्या संघाची चढाई संपे, त्याच क्षणी बॉब कूझीसारख्या खेळाडूच्या हातून सेल्टिक्सची सुरू होई. शिवाय रसेल जवळपास आहेत एवढ्या धास्तीनेच जे शॉट मारले गेले नाहीत, त्यांची नोंद तर आजच्या पद्धतीतही होणार नाही. हे मी वृत्तसंपादकांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून, थोडे नाट्यमयपणे, दाखवले. त्यांनी दोन कॉलम दिले.

लिहायला बसल्यावर लक्षात आले, की मैदानाबाहेरचा मजकूरच अधिक जागा मागत होता. १९६१ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन येथे कृष्णवर्णीय म्हणून खाणे नाकारले गेल्यावर रसेल आणि त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी प्रदर्शनीय सामना न खेळता परतले होते. बोस्टनजवळच्या रेडिंगमध्ये त्यांच्या घरात शिरून लोकांनी नासधूस केली आणि बिछान्यावर विष्ठा टाकली. आणि हे त्या शहराने केले, ज्याला ते जवळजवळ दरवर्षी करंडक आणून देत होते. १९६६ मध्ये प्रशिक्षक रेड ऑअरबाख यांच्यानंतर ते सेल्टिक्सचे खेळाडू-प्रशिक्षक झाले. एनबीएमधील ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आणि त्या दुहेरी भूमिकेत त्यांनी १९६८ व १९६९ ची विजेतेपदे मिळवली. १९७२ मध्ये त्यांची ६ क्रमांकाची जर्सी सन्मान म्हणून सेल्टिक्सच्या बोस्टन गार्डन या क्रीडागाराच्या छताशी चढवली गेली, तेव्हा त्यांच्याच आग्रहामुळे प्रेक्षागार रिकामे होते आणि समोर फक्त मोजके सोबती होते. मला या प्रसंगात रुसवा दिसत नाही, हिशेब दिसतो.

मध्यरात्रीनंतर अचिंता शिऊलीने आणखी एक सुवर्णपदक जिंकले. आनंदाची बातमी होती, पण जागा तेवढीच होती, आणि रसेल यांचे दोन कॉलम एकावर आले. काय कापायचे या विचारात मी असताना वृत्तसंपादकांनी माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत सांगितले, ‘ते पंधरा गुणांचे काढा. ब्लॉक कोणी मोजत नव्हते, ते वाक्य ठेवा.’

मी तसे केले आणि पान सोडले.