पहिलं धनुष्य शिवधनुष्य नको

पहिलं धनुष्य कोणतं घ्यावं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सुटीच्या दिवशी मी साधं, चाकं-कप्प्या नसलेलं धनुष्य घेऊन लक्ष्यावर बाण मारत बसतो हे कळलं की समोरचा आधी हसतो. मग निघताना हळूच विचारतो, "मलाही शिकायचंय हो, पहिलं धनुष्य कोणतं घेऊ?" त्याला लाकूड कोणतं, आकार कोणता, हे ऐकायचं असतं. मी विचारतो, "किती पाउंडांचं?" म्हणजे दोरी पूर्ण मागे ओढायला किती जोर लागतो. उत्तर जवळजवळ ठरलेलं: "चाळीस तरी हवं ना?"

नको. वीस ते तीसच्या मध्ये घ्या, तेही शक्यतो पंचविसाच्या आसपास. बाकीचं सगळं यापुढे किरकोळ आहे.

मी स्वतः पंचेचाळीसचं घेतलं होतं. विकणाऱ्याने माझ्या दंडाकडे पाहिलं, मी धनुष्याच्या वेलबुट्टीकडे पाहिलं, आणि सौदा झाला. पहिले सहा बाण झकास गेले. पंधराव्या बाणाला हात थरथरायला लागला. महिन्याभरात शरीराने आपला मार्ग शोधला: दोरी हनुवटीपर्यंत यायच्या आतच बोटं सुटायला लागली. नेम धरायचा, स्थिर व्हायचं, मग सोडायचं, हा क्रमच पुसला गेला. पुढे हलकं धनुष्य आणूनही बोटं तशीच आधी पळायची. ती खोड मोडायला मला वर्ष लागलं.

यात ताकदीचा प्रश्न आहे, पण व्यायामशाळेतल्या ताकदीचा नाही. कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्यात दोरी पूर्ण मागे आली की ओझं एकदम हलकं होतं. पारंपरिक धनुष्यात उलटं असतं. जितकं मागे ओढाल तितकं ते जड होत जातं, आणि नेम धरण्याच्या क्षणी सर्वांत जड असतं. पंचेचाळीस पाउंड म्हणजे जवळपास साडेवीस किलो. ते पाठीच्या वरच्या, एरवी फारशा न वापरल्या जाणाऱ्या स्नायूंवर पेलून तुम्हाला शांत उभं राहायचंय, आणि एका बैठकीत शंभर वेळा. पंचवीस पाउंडांच्या धनुष्यानेसुद्धा शंभर बाणांत अकराशे किलोच्या वर ओढणं होतं. नवख्याला एवढं पुरे.

इथे कुणीतरी इंग्रज लाँगबोचा, म्हणजे त्यांच्या लांब, सरळ युद्धधनुष्याचा दाखला देतोच. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेच्या अवशेषांत शंभराहून अधिक अख्खी धनुष्यं सापडली, आणि त्यांतली बरीचशी शंभर पाउंडांच्या पुढची होती असा अभ्यासकांचा अंदाज आहे. खरं आहे. पण ती ओढणारी माणसं पोरवयापासून तेच करत आलेली होती, आणि त्यांना चिलखत भेदायचं होतं. आपल्याला फोमच्या ठोकळ्यावर चिकटवलेला कागद भेदायचाय.

वजन जमतंय का, हे दुकानातच कळतं. धनुष्याचा हात लक्ष्याच्या दिशेने सरळ धरा आणि दोरी ओढा. ओढण्यासाठी धनुष्य आधी आभाळाकडे न्यावं लागलं तर ते तुमचं नाही. ओढून जबड्याच्या कोपऱ्याशी आणा, दहा आकडे मोजा, सावकाश परत सोडा. असं सहा-सात वेळा करा. शेवटच्या वेळी खांदा कानाकडे चढला तर पाच पाउंड कमी करा. मात्र बाण नसताना दोरी टणकन सोडू नका. बाणाबरोबर जायची ती सगळी शक्ती धनुष्याच्या पात्यांमध्येच, म्हणजे मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांमध्ये उलटते, आणि एवढ्यानेही धनुष्य फुटू शकतं.

आणखी एक गफलत इथेच होते. धनुष्यावर लिहिलेले पाउंड हे दोरी २८ इंच ओढली तर भरणारे असतात. तुमची ओढ २८ असेलच असं नाही. दोन्ही हात पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि अडीचने भागा. ६८ इंच आले तर ओढ साधारण २७. दर इंचामागे दोन-अडीच पाउंडांचा फरक पडतो. त्यामुळे लांब हातांच्या माणसाच्या हातात तिसाचं धनुष्य पस्तिसाचं होऊन बसतं.

आता आकार. तीन प्रकार समोर येतील. लाँगबो सरळ, देखणा आणि क्षमाशील, पण हाताला झटका जरा जास्त देतो. घोडेस्वारांचं आखूड धनुष्य दिसायला सर्वांत मोहक असतं, पण त्याला बाण टेकवायची खाच नसते, तो मुठीवरूनच सोडावा लागतो. शिवाय त्याची मूळ रीत दोरी अंगठ्याने ओढायची. (त्या रीतीने ओढणाऱ्याचा अंगठा गेला तर काय होतं, हे एकलव्याच्या गोष्टीमुळे आपल्याला वेगळं सांगायला नको. बाकी आपण बहुतेक जण तीन बोटांनी ओढतो.) तिसरा रिकर्व्ह, टोकं पुढे वळलेला. त्यातला सुटा होणारा, म्हणजे मधली मूठ वेगळी आणि दोन पाती बोल्टने बसवलेली, तोच घ्या असं मी सांगतो. कारण साधं आहे: सहा-आठ महिन्यांनी वजन वाढवावंसं वाटलं तर फक्त पाती बदलायची, मूठ तीच. उंच माणसाने ६२ इंचांऐवजी ६६-६८ इंचांचं पाहावं. आखूड धनुष्यात दोरीचा कोन टोकदार होतो आणि बोटं चिमटली जातात.

घेण्याआधी डोळा तपासा. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, तिच्यातून लांबची एखादी वस्तू पाहा आणि एकेक डोळा मिटा. जो उघडा असताना वस्तू जागेवर राहते तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या पुष्कळ माणसांचा तो डावा निघतो. आपण काही सव्यसाची नाही, तेव्हा तसं निघालं तर अगदी पहिल्या दिवशीच डावखुरं धनुष्य धरायला शिकलेलं बरं. नंतर हात बदलणं फार जिवावर येतं.

बाणांवर मात्र कंजुषी करू नका. इथे लोक हमखास फसतात. बाण सुटताना सरळ जात नाही, तो वाकतो, मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. किती वाकायचं हे काडीच्या ताठपणावर ठरतं, त्याला स्पाइन म्हणतात. काडी २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकूंवर ठेवून मध्ये ८८० ग्रॅम वजन टांगतात. ती अर्धा इंच झुकली तर स्पाइन ५००. म्हणजे आकडा मोठा तितकी काडी लवचीक. पंचवीस पाउंडांच्या धनुष्याला ५००ची काडी फार ताठ पडते, आणि उजव्या हाताच्या माणसाचे बाण मग डावीकडे जात राहतात. तो बिचारा महिनाभर आपला नेम सुधारत बसतो. काडी थोडी लांबच घ्या. कापता येते, जोडता येत नाही. आणि मुठीच्या खाचेवरून मारणार असाल तर खरी पिसं लावलेले बाण घ्या. प्लॅस्टिकची पिसं मुठीला आपटून बाण भलतीकडे फेकतात, खरी पिसं दबून निघून जातात.

दोरी चढवायला स्ट्रिंगर नावाचा दोर मिळतो, तो सोबतच घ्या. मांडीत अडकवून चढवलं की पाती हळूहळू पिळतात. मनगटाच्या आत पट्टा आणि बोटांना चामड्याची टॅब, यांची गरज पटवून द्यायला पहिला फटकाच पुरतो.

जुनं मिळत असेल तर घ्या, हरकत नाही. दोरी चढवून टोकाकडून पाहा, ती पात्याच्या बरोबर मधून जायला हवी. मग कापसाचा बोळा दोन्ही पात्यांवरून फिरवा. कुठे तंतू अडकले तर तिथे चीर आहे. आणि ते धनुष्य कुणी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवत होतं का, हे नक्की विचारा, कारण थरांमधला डिंक उष्णतेने सुटतो.

वजन कधी वाढवायचं, हा पुढचा प्रश्न असतो. शेवटचे बारा बाण पहिल्या बारांसारखेच लागायला लागले की, आणि तेही एका वेळी चारेक पाउंडच. मी चार वर्षांनंतर सध्या बत्तिसावर आहे. ते पंचेचाळीसचं दोरी उतरवून भिंतीवर टांगलंय. घरी येणारे हात लावून कौतुक करतात ते त्याचंच.