आजीचे अनारसे : वाटीचं माप ग्रॅममध्ये आणताना

वहीतली मूळ कृती चार ओळींची आहे. जुना तांदूळ तीन दिवस भिजवणे, पाणी रोज बदलणे, सावलीत सुकवून कुटणे, चार वाट्या पिठाला तीन वाट्या गूळ. बाकीचं आजीच्या हाताला ठाऊक होतं. वाटीचं माप चुकीचं नाही, पण चाळून हलकं झालेलं पीठ आणि दाबून भरलेलं पीठ यांच्या वजनात बराच फरक पडतो, आणि अनारसा हसायला, म्हणजे तुपात तुटून पसरायला, तेवढं पुरतं. वजनावर आणल्यावर बसलेलं प्रमाण असं: ओलसर पीठ ५०० ग्रॅम, किसलेला गूळ ३७५ ग्रॅम, तूप एक चमचा. पाणी किंवा दूध अजिबात नाही.

तांदूळ वर्षभर जुना कोलम. मावळातला इंद्रायणी भाताला कितीही लाडका असो, इथे नको. पीठ चिकट होतं आणि थापताना बोटांना धरतं. गूळ मऊ, कोल्हापुरी. चिक्कीच्या गुळाने अनारसा कडक होतो.

सगळा खेळ पिठातल्या ओलाव्याचा. ५०० ग्रॅम तांदूळ भिजवून निथळला की साधारण ६५० ग्रॅम भरतो. पंचावर सावलीत पसरून तो ६२० च्या आसपास आला की थांबायचं. पिठाची मूठ वळली पाहिजे आणि बोट लावताच फुटली पाहिजे. ही ओल हवीच, कारण डब्यात गूळ विरघळतो तो तिच्याच जोरावर. तांदूळ खडखडीत वाळला तर गोळा कोरडा राहतो आणि जाळी पडत नाही. मिक्सर थांबत थांबत फिरवा. भांडं तापलं की पीठ तिथेच सुकतं. मैद्याच्या चाळणीने चाळा, कणी राहू देऊ नका. अर्धी वाटी पीठ बाजूला काढून सावलीत पूर्ण वाळवून ठेवा. पुढे लागतं.

पुण्याच्या हवेचा हिशेबही धरावा लागतो. २०२३ चा अधिक महिना श्रावणात होता, तेव्हा दमट हवेत तांदूळ सुकायला वेळ घ्यायचा. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. या उकाड्यात भिजवणीचं पाणी लवकर आंबतं, म्हणून ते दिवसातून दोनदा बदलायचं, आणि पंचावरचा तांदूळ अर्ध्या तासातच तपासायला घ्यायचा. जावयाच्या वाणाचे ३३ करायचे असतील तर ४०-४५ चं पीठ धरा. पहिले दोन-तीन तूप जोखण्यात जातातच.

पीठ, गूळ आणि तूप मळून केलेला गोळा स्टीलच्या डब्यात घट्ट दाबून पाच दिवस. मग लागेल तेवढाच काढून मळायचा. २० ग्रॅमची गोळी, खसखशीवर बोटांनी थापून सहा-सात सेंटिमीटरची. लहान कढई, दोन बोटं तूप, मंद आच, एका वेळी एकच. खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही; झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. काढल्यावर चाळणीत उभा ठेवा, आडवा ठेवला तर तूप आतच राहतं. गरम असताना तो मऊच लागतो, म्हणून कुरकुरीत होईपर्यंत तळत बसू नका, गूळ करपेल.

आता बिघाड. तुपात पडताच तुकडे होऊन पसरला, म्हणजे हसला, तर गूळ किंवा ओल जास्त झाली आहे. पाव किलो गोळ्याला बाजूला ठेवलेलं कोरडं पीठ एक-दोन चमचे मळून रात्रभर ठेवा. लगेच तळलं तर पुन्हा हसतो, कारण कोरड्या पिठाला ओल ओढायला वेळ लागतो. आकार धरतो पण तुपकट होतो, तर दोष आचेचा, गोळ्याला हात लावू नका. जाळी न पडता दडस राहिला तर आधी आच कमी करून पाहा. तूप फार तापलं की वरचा थर आधीच धरतो. तरीही तसाच राहिला तर पिकलेल्या केळ्याची एक पातळ चकती पाव किलोला पुरे. जास्त केळं घातलं की हसण्याकडे झुकतो.

खसखस तळाशी साचून जळते आणि तूप कडवट होतं. दहा-बारा झाले की आच बंद करून तूप फडक्याने गाळून घ्या. उरलेला गोळा फ्रीजमध्ये महिनाभर सहज राहतो. तळण्याआधी दोन तास बाहेर काढायचा.

पुढचा घाणा पिठीसाखरेचा, वजन तेच ३७५ धरून.