'स्वजातीय'

नंदनवन, नागपूर, रविवार, रात्री साडेदहा

आज समाजाच्या परिचय मेळाव्याचा फॉर्म भरला. लेकीचा. जन्मवेळ, रास, नाडी, रक्तगट, पॅकेज... पेन सरसर चाललं. मग आलं, 'पोटजात चालेल का?' मी ऐटीत 'होय'वर गोल केला.

ऐट उगाच नव्हती. १९९३ साली याच प्रश्नावरून आमच्या घरी दोन दिवस कुणी धड जेवलं नव्हतं. आम्ही तिरळे, वर्ध्याकडचे. हे झाडे, भंडाऱ्याचे. दोघंही कुणबीच, पण बाबांचं एकच, "तिन्ही त्रिकाळ भात खाणारे लोकं ते, पोरीले भाकर तरी भेटन का?" आत्या लग्नाला आली, पण पंगतीला बसली नाही. मांडवाबाहेर खुर्ची टाकून सुपारी कातरत राहिली. त्या अडकित्त्याची कटकट मला अंतरपाटाआडही ऐकू येत होती. पुढे पहिल्या बाळंतपणाला सव्वा महिना येऊन राहिली, ती मात्र हीच आत्या. (भात तिलाच जास्त आवडू लागला, ते वेगळं.)

तर फॉर्म लेकीला दाखवला. तिनं शेवटच्या 'अपेक्षा' या रकान्यावर बोट ठेवलं. मी सवयीनं लिहून गेले होते, 'स्वजातीय, निर्व्यसनी.'

"निर्व्यसनी ठीक आहे," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला, त्यात हेच मांडलं होतं की जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा गाभा. वय पंचवीस. मी रोज दीक्षाभूमीवरून स्कूटी नेते, वय चोपन्न. आणि तीस वर्षं समजत होते की आपण धुरा, म्हणजे वावराचा बांधच, मोडला. एका वावराएवढा पुढे सरकवला होता फक्त.

ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलानं गेल्या वर्षी विशेष विवाह कायद्यानं लग्न केलं. नोटिशीचे ३० दिवस ती डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. कुणी नातेवाईक बोर्ड वाचून आक्षेप घेईल ही धास्ती. तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, "काहून घाबरतेस वं? जमाना बदलला."

आता व्हाइटनर शोधलं तर वाळून दगड झालेलं. खोडलं तर ठळक दिसेल. उद्या सक्करदऱ्याहून दुसरा फॉर्म आणावा लागेल, आणि हे विचारतील, पहिल्याला काय झालं?