एअर लॉचा पेपर: काय पाठ करावं आणि काय करू नये

एटीपीएलच्या, म्हणजे एअरलाइन पायलटच्या लायसन्सच्या, थिअरी विषयांत एअर लॉला कुणी फारसं घाबरत नाही, पण तो आवडतो असं म्हणणाराही मला भेटलेला नाही. मिटिऑरॉलॉजीत निदान ढग असतात, इथे नुसते नियम. बॅचमधल्या बहुतेकांचा बेत ठरलेला होता: क्वेश्चन बँक दोनतीनदा फिरवायची आणि पेपर देऊन मोकळं व्हायचं. मी तसं केलं नाही, पण ते अभ्यासूपणामुळे नव्हे. एवढं पाठांतर माझ्या जिवावर आलं होतं. म्हणून म्हटलं, पाठ न करता काय काय निभावून जाईल ते आधी बघू.

पहिला धडा शिकागो कन्व्हेन्शनचा, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा. 7 डिसेंबर 1944 ला सह्या झाल्या, 4 एप्रिल 1947 पासून ते लागू झालं, आणि त्यातून उभी राहिली ती आयकाओ (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना), मुख्यालय मॉन्ट्रियल. या तारखा येतातच. पण खरी गोम कलम 1 मध्ये आहे: प्रत्येक देशाचं आपल्या डोक्यावरच्या हवाई हद्दीवर पूर्ण सार्वभौमत्व. हद्द माझी म्हटल्यावर दुसऱ्याला यायला परवानगी लागणार, आणि परवानगीचे प्रकार म्हणजेच त्या ‘फ्रीडम्स ऑफ द एअर’. पहिली, न उतरता वरून जाण्याची. दुसरी, प्रवासी न चढवता-उतरवता इंधनासाठी वगैरे टेकण्याची. तिसरी आपल्या देशातून माणसं तिकडे नेण्याची, चौथी तिकडून आणण्याची, पाचवी वाटेतल्या तिसऱ्या देशाशी धंदा करण्याची. कागदावर तीन गोल आणि त्यांच्यात बाण काढले की पुन्हा वाचावं लागत नाही. परक्या कंपनीला देशांतर्गत वाहतूक नाकारायचा हक्क कलम 7 देतं, तेच कॅबोटाज.

कन्व्हेन्शनचे ॲनेक्स (नियमांची परिशिष्टं) एकोणीस आहेत. ते ओळीने घोकण्यापेक्षा मी त्यांच्या टोळ्या केल्या. लायसन्सचा 1, विमान आणि ते चालवण्याचे 6 आणि 8, आकाशातले 2 आणि 11, जमिनीवरचा 14, काही बिघडलं तर 12 आणि 13. मोजमापाच्या एककांचा 5 वा वरवर पाहिला. सेफ्टी मॅनेजमेंटचा 19 वा अगदी अलीकडचा, 2013 चा.

करारांच्या प्रश्नात चारही पर्याय खरेच वाटतात, कारण नावं सगळी शहरांची. टोकियो 1963, हेग 1970, मॉन्ट्रियल 1971. हे तीन चढत्या क्रमाने लावले आणि ते डोक्यात बसले: विमानात कुणी गुन्हा केला, अख्खं विमानच पळवलं, विमानात बॉम्ब ठेवला. टोकियोमागचा प्रश्न तर फार छान आहे. भर समुद्रावर एका प्रवाशाने दुसऱ्याला मारलं तर खटला कुठे चालणार? उत्तर, विमान ज्या देशात नोंदलंय त्याला तो अधिकार आहे. आणि तोपर्यंत त्या माणसाला आवरायचा, जरूर तर उतरवून द्यायचा अधिकार कमांडरला. पैशाच्या भरपाईचे करार वेगळे: प्रवाशांसाठी वॉर्सा 1929, जमिनीवरच्या लोकांसाठी रोम 1952. वॉर्साच्या जागी पुढे 1999 चं मॉन्ट्रियल आलं. म्हणजे मॉन्ट्रियल दोनदा. वर्ष पाहिल्याशिवाय त्या पर्यायावर टिचकी मारायची नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी ॲनेक्स 2 ला दिला, आणि तो सार्थकी लागला. त्यातली एक गोष्ट सविस्तर सांगते. विमानाच्या डाव्या पंखाला लाल दिवा, 110 अंशांतून दिसणारा; उजव्याला हिरवा, तोही 110; शेपटीला पांढरा, 140. बेरीज 360. आता दोन विमानं एकमेकांचा मार्ग छेदणार असतील तर ज्याच्या उजवीकडे दुसरं आहे त्याने वाट द्यायची. रात्री कॉकपिटात बसून बघा: उजवीकडच्या त्या विमानाची डावी बाजू माझ्याकडे आहे, म्हणजे मला दिसतोय लाल. मी थांबायचं. त्याला माझा दिसतोय हिरवा. तो जाणार. लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर ते समोरून येतंय, दोघांनी उजवीकडे वळायचं. नुसता पांढरा दिसला तर मी मागून गाठतेय. ‘ओव्हरटेकिंग’ची व्याख्या पुढच्या विमानाच्या मध्यरेषेपासून 70 अंशांच्या आत, अशी आहे. दोन्ही बाजू मिळून 140, म्हणजे नेमका शेपटीच्या दिव्याचा कोन. हे कुणी शिकवलं नव्हतं, आकृती काढताना जुळलं, आणि त्या दिवशी मी हे पुस्तक पहिल्यांदा आवडीने वाचलं.

टॉवरच्या लाइट सिग्नलना असं काही तर्कशास्त्र नाही. एकाच सिग्नलचे हवेत आणि जमिनीवर दोन वेगळे अर्थ. माझी रूम पार्टनर भांडी घासता घासता मध्येच ओरडायची, ‘फ्लॅशिंग व्हाइट!’ आणि मी दोन्ही उत्तरं द्यायची: हवेत असेन तर इथेच उतर आणि एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) ये, जमिनीवर असेन तर निघालीस तिथे परत जा. परीक्षकांचा लाडका मात्र फ्लॅशिंग ग्रीन. हवेत त्याचा अर्थ लँडिंगसाठी परत ये एवढाच. उतरायची परवानगी म्हणजे स्थिर हिरवा, तो यथावकाश मिळतो. तिला हे सगळं माझ्याइतकंच पाठ झालं, आणि ती अकाउंटंट आहे.

इंटरसेप्शनचं, म्हणजे लढाऊ विमानाने नागरी विमानाला अडवण्याचं, प्रकरण वाचताना मात्र गंमत वाटत नाही. 1 सप्टेंबर 1983 ला कोरियन एअर लाइन्सचं फ्लाइट 007 वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. 269 माणसं गेली. पुढच्याच वर्षी शिकागो कन्व्हेन्शनमध्ये 3 बिस हे कलम घालायचं ठरलं: उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरायचं नाही. हे माहीत असलं की सिग्नलही लक्षात राहतात. लढाऊ विमान साधारणपणे डाव्या अंगाला, थोडं पुढे आणि वर येतं, म्हणजे डाव्या सीटवरच्या कॅप्टनला दिसेल असं. ते पंख हलवतं, आपणही हलवायचे आणि त्याच्या मागे जायचं. रेडिओवर 121.5 ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी, आणि वेगळी सूचना नसेल तर स्क्वॉक 7700, म्हणजे रडारवर दिसणारा आणीबाणीचा कोड. ते 90 अंश किंवा जास्त वळून झटकन वर निघून गेलं तर आपण मोकळे. टीकॅसचा (टक्कर टाळायला विमानातच बसवलेल्या यंत्रणेचा) आरए, म्हणजे ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ हा आदेश, विरुद्ध कंट्रोलर हा प्रश्नही तसाच. 2002 मध्ये जर्मनीत युबरलिंगेनच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळली: एका क्रूने कंट्रोलरचं ऐकलं, दुसऱ्याने टीकॅसचं. 71 जण गेले. आरए पाळायचा, कंट्रोलरची सूचना उलटी असली तरी. हे उत्तर चुकणं शक्य नाही.

मग उरतं ते निव्वळ पाठांतर. वेक टर्ब्युलन्ससाठी (विमानामागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांसाठी) हेवी म्हणजे 1,36,000 किलो आणि वर, लाइट म्हणजे 7,000 आणि खाली. होल्डिंगचा (आकाशात वाट पाहत घिरट्या घालण्याचा) आउटबाउंड लेग, म्हणजे दूर जाणारा टप्पा, 14,000 फुटांपर्यंत 1 मिनिट, त्यावर दीड. ठरल्या वेळेनंतर 30 मिनिटं विमानाचा रेडिओवर संदेश नाही तर इन्सर्फा, म्हणजे शोध-बचावाचा पहिला, अनिश्चिततेचा टप्पा. एराक सायकल, म्हणजे हवाई माहितीतले बदल लागू व्हायचं चक्र, 28 दिवसांची. अपघातानंतर 7 दिवसांच्या आत सुरू झालेलं 48 तासांहून जास्त हॉस्पिटलवास म्हणजे गंभीर दुखापत. हाड मोडलं तरी गंभीर, पण बोट किंवा नाक साधं मोडलं असेल तर नाही. (नाकवाल्याचं मत कुणी विचारलेलं दिसत नाही.) हे सगळं एका पानावर लिहून मी शेवटच्या आठवड्यापर्यंत बाजूला ठेवलं. आधी पाठ केलं असतं तर उडून गेलं असतं.

आपल्या देशाचा आकडा आयकाओहून वेगळा असू शकतो, हेही सांभाळायचं. असे फरक कळवायची सोय कलम 38 मध्येच आहे. ट्रान्झिशन अल्टिट्यूड (ज्याच्या वर सगळे अल्टिमीटर एकाच प्रमाण दाबावर लावतात ती उंची) अमेरिकेत 18,000 फूट, युरोपात कितीतरी ठिकाणी त्याच्या निम्म्याहूनही खाली. परीक्षा ज्या प्राधिकरणाची, त्याचे फरक मी लाल शाईने लिहिले. क्वेश्चन बँक उघडली ती यानंतर. तिचा खरा उपयोग प्रश्न विचारायची ढब कळण्यापुरता. उत्तरं तोंडपाठ झाली की माणूस प्रश्न वाचायचंच सोडतो, आणि पेपरात ‘इन फ्लाइट’च्या जागी ‘ऑन द ग्राउंड’ एवढाच बदल असतो.

पेपराला वेळ पुरून उरला. होल्डिंग एंट्रीच्या प्रश्नाला रफ कागदावर आकृती काढली, हेडिंग डायरेक्ट सेक्टरमध्ये पडलं, म्हणजे सरळ आत शिरायचं. ॲनेक्स 14 च्या खुणांनी थोडं सतावलं, तरी पास झाले. सध्या ऑपरेशनल प्रोसीजर्स चालू आहे. त्यात वेक टर्ब्युलन्स, ॲनेक्स 6, धोकादायक माल असं बरंच पुन्हा येतं, म्हणून शक्य असेल तर हे दोन विषय लागोपाठ घ्या. ते एक पान दोन्हीकडे चालतं.